मराठींतील कापसाचा बर्फ

नाताळच्या आधींच्या पंधरवड्यांत नंदाखाल, गास, निर्मळ या बाजूस संध्याकाळीं फेरफटका केला, तर घरोघर गोठ्याचे देखावे उभारण्याची गडबड चाललेली दिसते. गवताचें छप्पर, मातीचीं मेंढरें, कागदाची चांदणी, आणि या सर्वांवर पिंजून पसरलेला कापूस. हा कापूस म्हणजे बर्फ. देखावा मांडणाऱ्या मुलांच्या अंगांत त्या वेळीं साधा सुती सदरा असतो. अंगणांत केळीचीं पानें हलत असतात, आणि वारा फार तर एखादी चादर मागतो. ज्या बेथलेहेमचा तो देखावा तेथेंही बर्फ क्वचितच पडतो. आपल्याकडे हा कापूस आला तो यूरोपांतील चित्रांतून. आम्हांस या कापसाविषयीं तक्रार नाहीं. मुलांच्या खेळांत सर्व कांहीं क्षम्य आहे, आणि तो देखावा आम्हीही दरवर्षीं कौतुकानें पाहतों. परंतु मराठी वाङ्मयांतील बर्फही बहुतांशीं याच जातीचा आहे, असें जें आमचें मत कांहीं वर्षांपासून बनत चाललें आहे, तें वाचकांपुढें एकदां मांडावें अशी इच्छा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ‘बर्फ’ हा शब्द फारसी. मुंबईकरांस तो पदार्थ भेटला तो बाजारांतल्या मालाच्या रूपानें: १८३४ च्या सुमारास अमेरिकेंतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या बोस्टनच्या बंदरांतून जहाजानें मुंबईस येऊं लागल्या. तेव्हांपासून सरबतांत टाकावयाचा खडा आणि आकाशांतून उतरणारा भुगा या दोहोंस आपण एकच नांव देत आलों आहों. ज्या लोकांस या दोन वस्तूंशीं रोज झगडावें लागतें, त्यांचें एका नांवावर भागत नाहीं. संस्कृतांतील ‘हिम’ हा शब्द मात्र लोकांच्या तोंडीं झिजत झिजत ‘हिंव’ झाला, आणि हिंव म्हणजे आकाशांतून पडणारी वस्तु नव्हे, तर अंगांत भरणारी. हिंव भरतें, हिंवताप येतो. मराठी माणसानें हिमालयावरचें हिम उचलून आपल्या हाडांत नेऊन ठेवलें! हुडहुडी, शिरशिरी, कुडकुडणें, काकडणें, गारठणें हे सारे शब्द शरीराचे आहेत आणि अस्सल आहेत. उलट ‘हिमवर्षाव’, ‘हिमवृष्टि’ हे वर्तमानपत्री शब्द. त्यांस अंगच नाहीं. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं पहांटेचें दंव गोठलें, कीं ‘महाबळेश्वरांत बर्फ पडला’ अशी बातमी हमखास येते. वस्तुतः तेथें कांहींच पडलेलें नसतें. गवतावरचें दंव जागच्या जागीं गोठतें, एवढेंच.

येथें वसईकर वाचक विचारील, कीं ज्या मुलखांत बर्फ नाहीं त्या मुलखाच्या भाषेकडून एवढी अपेक्षा कां? प्रश्न रास्त आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, ही आमच्या बाजूची थंडीची परमावधि. समुद्रकिनाऱ्यावरील ठिकाणीं किमान तपमान १५ अंशांवर किंवा त्याच्या खालीं येऊन नेहमींपेक्षां साडेचार अंशांनीं कमी झालें, तर हवामानखातें त्यास ‘थंडीची लाट’ म्हणूं शकतें. काश्मिरी मनुष्यानें हें वाचलें तर तो हंसेल. परंतु थंडीची वाट पाहणें म्हणजे काय, हें वसईच्या वाडीवाल्यास शिकवावें लागत नाहीं. संध्याकाळीं खारा वारा पडला आणि तुंगाराच्या डोंगराकडून मतलई लवकर सुटली, कीं आमचे शेजारी आकाशाकडे पाहून पानवेलींच्या आणि केळींच्या पाटांत पाणी सोडावयास निघतात. ओली जमीन रात्रीं ऊब धरते. त्याच थंडीवर आंब्याचा मोहोर अवलंबून. म्हणजे ज्या रात्रीची केळीसाठीं भीति, तिचीच आंब्यासाठीं आशा. एका वाडींत, एकाच माणसाच्या पोटांत ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं बसलेल्या असतात. हा खरा वाङ्मयाचा विषय आहे, आणि त्यावर मराठींत चार चांगलीं पानें दाखवा म्हटलें तर आम्हांस तरी चटकन् दाखवितां येणार नाहींत.

आमची कसोटी थोडक्यांत अशी आहे. ज्याला थंडी आणि बर्फ खरोखर ठाऊक आहे, तो बर्फाचें वर्णन करण्यापूर्वीं बर्फाच्या आदल्या दिवसाचें वर्णन करतो. अमेरिकन कवि व्हिटियर याचें ‘स्नो-बाउंड’ हें १८६६ सालचें दीर्घकाव्य आम्हीं विद्यार्थिदशेंत वाचलें, तेव्हां त्याचा आरंभ आम्हांस कंटाळवाणा वाटला होता: मंद सूर्य, हवेंतला विलक्षण गारठा, आणि मग सरपण घरांत आणणें, गुरांस चारा घालणें, असलीं घरगुती कामें. वादळ यावयाचें अजून बाकीच. बर्फ केव्हां येतो, म्हणून आम्ही पानें उलटीत होतों. आतां वाटतें, कीं काव्य तेथेंच होतें. पुढील पांढऱ्या देखाव्यास वजन येतें तें त्या सरपणाच्या भाऱ्यानें.

हीच कसोटी आदिकवीस लावून पाहावी. अरण्यकांडाच्या सोळाव्या सर्गांत, पंचवटीस म्हणजे आपल्या नाशिकजवळच, राम पहांटे गोदावरीवर स्नानास निघाला आहे. मागून सीता, आणि पाण्याचा कलश घेऊन लक्ष्मण. लक्ष्मण हेमंताचें वर्णन करतो. तहानेला हत्ती पाण्यास सोंड लावतो आणि चटका बसल्यासारखी मागें घेतो. पाणपक्षी कांठावर बसून राहतात. भित्रा शिपाई रणांत शिरत नाहीं तसे ते पाण्यांत शिरत नाहींत. चंद्र श्वासानें आंधळ्या झालेल्या आरशासारखा. ही दृष्टि कापसाची नव्हे; येथें प्रत्येक वस्तु थंडीला कांहींतरी उत्तर देते आहे. आणि मग लक्ष्मणास एकाएकीं भरत आठवतो: याच गारठ्यांत तो जमिनीवर निजत असेल, याच वेळीं शरयूच्या पाण्यांत उतरत असेल. थंडीचें वर्णन म्हणून जें चाललें होतें तें भावाच्या काळजींत शिरलें. पुढच्याच सर्गांत शूर्पणखा येते आणि सर्व अनर्थास आरंभ होतो. येणाऱ्या संकटाच्या आदल्या पहांटेस थंडी आणून ठेवणाऱ्या कवीनें तें जाणून केलें कीं न जाणतां, याची चर्चा पंडितांनीं खुशाल करावी.

याच्यापुढें कालिदासाचें हिमालयवर्णन कितीही रमणीय असलें, तरी आम्हांस तें दुरून पाहिलेलें वाटतें. कुमारसंभवाच्या तिसऱ्याच श्लोकांत तो हिमास पर्वताचा एक दोष ठरवून गुणांच्या राशींत बुडवून टाकतो. आम्हीं हें वर्गांत म्हटलें तेव्हां विद्यार्थ्यांनीं भुंवया उंचावल्या, असो.

मराठी कवींस वाट पाहतां येत नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये. मृगाची वाट पाहण्यांत आमच्या भाषेचा हात धरणारें कोणी नाहीं, आणि पाऊस आल्यावर बालकवींनीं श्रावणाचें काय केलें तें सर्वश्रुत आहे. दुर्गाबाई भागवतांनीं ‘ऋतुचक्रां’त बाराही महिन्यांस सारखी माया लावली. परंतु बर्फाची गोष्ट निघाली, कीं आमच्या कथाकादंबऱ्या काश्मीरला सहलीस जातात. नायिका मूठभर बर्फ उचलते, नायक हंसतो, आणि प्रकरण संपतें. त्या बर्फाखालीं कोणाचें छप्पर वांकत नाहीं. ज्या एका मराठी मनुष्यानें हिमालय पायीं तुडवून त्यावर प्रेमानें लिहिलें, त्या साताऱ्यास जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनीं तो प्रवास लिहिला गुजरातींत. यांत दोष कोणाचा नाहीं. हळहळ मात्र आमची आहे.

पानिपतची गोष्ट अधिक खोल. नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांची छावणी उत्तर हिंदुस्थानच्या ऐन थंडींत उघड्या मैदानावर पडून होती. तिचा सेनापति सदाशिवरावभाऊ हा चिमाजीअप्पाचा मुलगा. ज्या अप्पानें १७३९ च्या मे महिन्यांत, आमच्या येथील घामट उन्हाळ्यांत, वसईचा किल्ला घेतला, त्याचा. बापाच्या कीर्तीचा महिना मे आणि मुलाच्या मरणाचा जानेवारी! त्या छावणींतील उपासमार मराठी वाचकाच्या मनांत कोरली गेली आहे. थंडी मात्र तितकी नाहीं. दख्खनच्या माणसानें त्या रात्री अंगावर काय घेऊन काढल्या, पहांटे उठल्यावर हातांत भाला धरवत होता कीं नाहीं, याचा विचार क्वचितच कोणी बोलून दाखवितो. उपास हा आपल्या ओळखीचा शत्रु. थंडी ही परकी. परक्यास आम्ही नांव देत नाहीं.

आतां एक घरची गोष्ट सांगणें प्राप्त आहे, कारण वरील मत आम्हांस ग्रंथांनीं शिकविलें नाहीं. आमची धाकटी कन्या अमेरिकेंत बफेलो या शहरीं असते. २०२२ च्या डिसेंबरांत तिकडील हवामानखात्यानें कांहीं दिवस आधींच मोठ्या हिमवादळाचा इशारा दिला होता. बाविसाव्या तारखेस तिचा फोनवर निरोप आला: “बाबा, उद्यांपासून तीन दिवस फोन लागला नाहीं तर आईला घाबरूं देऊं नका. नळ थेंबथेंब चालू ठेवला आहे, म्हणजे आंतलें पाणी गोठत नाहीं. टबमध्यें पाणी भरलें आहे. डाळ, तांदूळ, मेणबत्त्या आहेत. गाडीचे वायपर उभे करून ठेवले. शेजारच्या आजींचीं औषधें आणून दिलीं.” त्या वेळीं आम्ही शेजाऱ्यांच्या अंगणांत तोच कापसाचा देखावा पाहत उभे होतों. आम्हीं उत्तर पाठविलें, कीं छान, बर्फ पडला म्हणजे एक सुंदरसें छायाचित्र पाठव.

तीस वर्षें वाङ्मय शिकविणाऱ्या मनुष्यास ते पांच-सहा वाक्यांचें मराठी वाचतां आलें नाहीं. त्या वादळांत बफेलो आणि आसपासच्या भागांत चाळीसहून अधिक माणसें मेलीं. चार फुटांवर बर्फ पडला. कित्येक जण रस्त्यांत गाड्यांतच अडकले. मुलीचा फोन दीड दिवस लागला नाहीं. ती सुखरूप होती. परंतु त्या दीड दिवसांत तो निरोप आम्हीं किती वेळां वाचला याची गणती नाहीं, आणि प्रत्येक वेळीं त्या थेंबथेंब नळाचा अर्थ वाढत गेला.

यानंतर आम्हीं डॉ. आनंदीबाई जोशी यांची हकीकत पुन्हां काढली. अठरा वर्षांची ही मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघून जूनच्या आरंभीं न्यूयॉर्कला उतरली. श्रीरामपूरच्या सभेंत तिनें जगापुढें कबूल केलें होतें, कीं आपण हिंदु म्हणून जाऊं आणि हिंदु म्हणूनच परत येऊं. पोषाख आणि आहार बदलणार नाहीं. जूनमध्यें दिलेलीं असलीं वचनें टिकतात. डिसेंबर यावयाचा असतो. नऊवारी लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात. तेव्हां फिलाडेल्फियाच्या थंडीपुढें तिनें गुजराती पद्धतीनें साडी नेसण्यास आरंभ केला आणि तें नवऱ्यास कळविलें. खोलींतील शेगडी पेटविली तर धूर कोंडे, न पेटविली तर थंडी. या दोहोंतून एकाची निवड तिला रोज करावी लागे.

काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेलें चरित्र आणि श्री. ज. जोशी यांची १९६८ ची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी, या दोन्ही कृतींविषयीं आम्हांस आदर आहे. तरीही वाचकाच्या मनांत शेवटीं उरतो तो गोपाळरावांचा विक्षिप्तपणा आणि बाईंचा निग्रह. थंडी पडद्यासारखी मागें लोंबत राहते. आमच्या मतें ती त्या कथेंतील तिसरें पात्र आहे. लुगड्याच्या त्या चार बोटांच्या फरकांत धर्म, नवरा, लोकनिंदा आणि न्यूमोनिया हे चौघे समोरासमोर उभे होते, आणि एका एकट्या मुलीनें त्यांचा निकाल हिंवाळ्याच्या तोंडावर लावला. ज्याला आदल्या दिवसाची किंमत कळली आहे अशा लेखकानें येथें एक प्रकरण खर्च केलें असतें. आम्ही मात्र तिच्या क्षयास ‘परदेशची हवा मानवली नाहीं’ म्हणून मोकळे होतों. जणूं हवा म्हणजे दैव.

११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम्. डी. ची पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा त्यांच्या अमेरिकन ‘मावशी’ कार्पेंटरबाई यांजकडे पाठविण्यांत आली. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी या गांवच्या स्मशानभूमींत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत, ती पुरलेली आहे.

गेल्या फेब्रुवारींत आमची कन्या कांहीं कामानिमित्त त्या बाजूस गेली असतां मुद्दाम वाट वांकडी करून तेथें जाऊन आली. शिळा सांपडावयास वेळ लागला, म्हणाली. हातमोज्यानें बर्फ झाडावा लागला, तेव्हां नांव दिसलें. या वेळीं आम्हीं छायाचित्र मागितलें नाहीं. थंडी किती होती, एवढेंच विचारलें.

“उणे अकरा, बाबा. पण वारा नव्हता.”