दुसऱ्या टॉम-जेरीचे आकर्षण

टॉम आणि जेरी ही नावे उच्चारताच मांजर आणि उंदीर डोळ्यांपुढे येतात. तथापि याच नावांची, एक उंच आणि एक बुटका अशी माणसांची जोडी न्यूयॉर्कच्या व्हॅन ब्यूरेन स्टुडिओने १९३१ ते १९३३ या काळात पडद्यावर आणली होती. १९४० मध्ये अवतरलेल्या मांजर-उंदरांच्या जनकांपैकी जोसेफ बार्बेरा यांनी उमेदवारीची काही वर्षे याच स्टुडिओत काढली, ही गोष्ट बोलकी आहे.

कार्टूनपटांचा इतिहास बहुधा डिस्नेकडे नेणारी चढती वाट म्हणून लिहिला जातो. त्या मांडणीत व्हॅन ब्यूरेनचे चित्रपट कच्चे ठरतात. संग्राहक नेमका याच कच्चेपणावर लुब्ध होतो आणि त्याला निरागसता म्हणतो. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. 'वॉट अ नाइट' (१९३१) या पहिल्याच चित्रपटात सापळ्यांनी भरलेल्या वाड्यातून सुटल्यावर दोघे अंगातले कपडे वर करून पाहतात, तो आत स्वतःचीच उघडी हाडे! या घटनेला कारण नाही, स्पष्टीकरणही नाही. यात निरागस ते काय? देह ही केवळ रेषा आहे आणि ती केव्हाही बदलता येते, ही माध्यमाची मूळ जाणीव येथे उघडी पडते. डिस्नेने पुढे व्यक्तिरेखेला वजन, मन आणि सुसंगती दिली. त्या बदल्यात ही जाणीव झाकली गेली.

१९३६ मध्ये वितरक आरकेओने डिस्नेशी करार केला आणि स्टुडिओ बंद पडला. पुढे ऑफिशियल फिल्म्सने हे चित्रपट घरगुती प्रक्षेपकांसाठी विकले, तेव्हा घोटाळा टाळण्यासाठी जोडीचे नामांतर 'डिक आणि लॅरी' असे झाले. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय लोपते, असे वॉल्टर बेंजामिन यांचे प्रतिपादन. येथे मात्र पुनरुत्पादित प्रतच झिजून, ओरखडे सोसून एकमेव होते. अर्थात हे एकमेवपण प्रतीचे, कृतीचे नव्हे. संग्राहकाच्या अभिरुचीत या दोहोंची सरमिसळ सतत होते.

तिचे मोल 'प्लेन डम' (१९३२) पाहताना कळते. त्यात हीच जोडी तोंडाला काळे फासून आफ्रिकेत वावरते. देह बदलता येतो हा संकेत येथेही तोच. परंतु 'वॉट अ नाइट'मध्ये तो स्वतःच्या मर्त्यतेशी खेळतो, येथे तो दुसऱ्याच्या वर्णाला मुखवटा करून टाकतो. संग्राहकाच्या यादीत दोन्ही चित्रपट शेजारी बसतात. नोंद असते ती प्रतीच्या अवस्थेची.