नाविक आणि प्रश्नकर्ता : डेटाबेस-विकासकाच्या क्षमतेचा विचार

१

एखादे काम वेळेत पुरे झाले नाही म्हणजे त्याचे कारण तीन ठिकाणी शोधण्याचा प्रघात आहे : करणारा कमी पडला, साधन कमी पडले, अथवा वेळ कमी पडला. डेटाबेस-विकासकांच्या व्यवसायात ही तिन्ही कारणे नेहमी पुढे केली जातात, आणि त्यांवरचे उपायही ठरून गेलेले आहेत. अधिक हुशार माणूस नेमावा, नवे साधन घ्यावे, नाहीतर आहे त्याच माणसाला रात्री थांबवून घ्यावे. क्षमता, साधन आणि जादा वेळ ही तीन नाणी जणू एकाच टांकसाळीतली असून एकाच्या बदल्यात दुसरे सहज मिळते, असा समज या उपायांच्या मुळाशी आहे. या समजाला आधार कितपत आहे, हे या व्यवसायातील काही प्रमुख लेखनाच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात लक्ष घालावे याला कारण आहे. नोम चॉम्स्की यांनी १९६५ साली भाषिक क्षमता आणि भाषिक प्रयोग यांत जो भेद केला, त्यात स्मरणशक्तीची मर्यादा आणि लक्ष विचलित होणे यांसारख्या गोष्टी प्रयोगाच्या खात्यात टाकल्या होत्या. थकलेला वक्ता वाक्य अर्धवट सोडतो, यावरून त्याला व्याकरण येत नाही असे कोणी म्हणत नाही. डेटाबेसच्या व्यवसायात मात्र रात्री दोन वाजता झालेल्या चुकीवरून माणसाची क्षमता मोजली जाते, आणि रात्री दोनपर्यंत जागण्याची तयारी हीच क्षमता मानली जाते. येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे, हे उघड आहे.

२

डेटाबेस-विकासक कसा असावा याची दोन चित्रे या शास्त्राच्या आरंभकाळीच रेखाटली गेली. पहिले चित्र चार्ल्स बॅकमन यांचे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्यांनी ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ ही व्यवस्था उभारली. १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्यांनी जे व्याख्यान दिले, त्याचे नाव ‘द प्रोग्रॅमर ॲज नॅव्हिगेटर’ असे होते. प्रोग्रॅमर हा नाविक असून नोंदींच्या विस्तीर्ण प्रदेशात एका नोंदीवरून दुसरीवर वाट काढत जाणे हे त्याचे काम, असे त्यांचे प्रतिपादन होते. या बदलाची तुलना त्यांनी कोपर्निकसच्या क्रांतीशी केली. पूर्वी यंत्र मध्यभागी होते आणि माहिती त्याच्यापुढून वाहत जाई; आता माहिती मध्यभागी आली.

दुसरे चित्र एडगर कॉड यांचे. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना त्यांनी जून १९७० मध्ये संबंधाधिष्ठित प्रतिमानाचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्याची पहिलीच मागणी अशी की, माहिती यंत्रात कशी मांडलेली आहे हे जाणण्याच्या सक्तीपासून वापरणाऱ्याचे रक्षण झाले पाहिजे. नोंदींचा क्रम, इंडेक्स आणि माहितीपर्यंत पोचण्याची वाट या तीन गोष्टींवर प्रोग्रॅम अवलंबून राहतो, हा त्यांच्या मते जुन्या व्यवस्थांचा दोष होता. कॉड यांचा आदर्श विकासक वाट काढीत नाही. तो काय हवे ते सांगतो. तो नाविक नसून प्रश्नकर्ता आहे. १९७४ साली ॲन आर्बर येथील परिषदेत या दोन पक्षांचा जाहीर वाद झाला. पुढे व्यापारात विजय कॉड यांच्या पक्षाचा झाला.

या दोन लेखनांची तुलना करताना बॅकमन यांना मागासलेले आणि कॉड यांना पुरोगामी ठरवून मोकळे होण्याची रीत आहे. ती न्याय्य नाही. बॅकमन यांच्या रूपकात एक प्रांजळपणा आहे. नाविकाला खडक आणि प्रवाह माहीत असावे लागतात, हे त्यांनी लपविले नाही. त्यांच्या चित्रात क्षमता कोठे आहे हे बोट ठेवून दाखविता येते. ती वाटेच्या ज्ञानात आहे. कॉड यांच्या निबंधातील ‘रक्षण’ हा शब्द अधिक उदार खरा. परंतु ज्यापासून वापरणाऱ्याचे रक्षण करावयाचे ते ज्ञान पुढे कोणाच्या डोक्यावर जाऊन बसणार, या प्रश्नावर त्या निबंधाचा भर नाही.

३

त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले. ते ज्ञान नाहीसे झाले नाही. त्याचे स्थलांतर झाले. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. तीच पुढे एस्क्यूएल या नावाने रूढ झाली आणि १९८६ साली अमेरिकेत प्रमाणभाषा ठरली. हिशेबनीस, अभियंते, वास्तुविशारद, नगररचनाकार अशा, यंत्राचे तज्ज्ञ नसलेल्या माणसांसाठी ती योजलेली होती. वाट शोधण्याचे काम ‘ऑप्टिमायझर’ नावाच्या भागाकडे गेले. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७९ सालचा निबंध या विषयातील पायाभूत लेखन मानला जातो. प्रत्यक्षात नगररचनाकार एस्क्यूएल लिहू लागले नाहीत. ती विकासकांची व्यावसायिक भाषा झाली, आणि ऑप्टिमायझरने निवडलेली वाट वाचून ती का चुकली हे सांगणारा एक नवा तज्ज्ञवर्ग निर्माण झाला. नाविक जहाजावरून उतरला तो किनाऱ्यावर नकाशे तपासीत बसला, एवढाच फरक.

प्रश्नकर्त्याच्या भूमिकेलाही तिची स्वतःची अवघड जागा आहे, आणि ती शुद्ध भाषिक आहे. कर्मचाऱ्यांच्या यादीत प्रत्येकापुढे त्याच्या वरिष्ठाचा क्रमांक लिहिलेला आहे, असे समजू. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याला वरिष्ठ नाही. म्हणून त्याच्यापुढील जागा ‘नल’, म्हणजे अज्ञात वा रिकामी आहे. आता ‘ज्यांचा क्रमांक वरिष्ठांच्या क्रमांकांत येत नाही असे कर्मचारी दाखवा’ असे एस्क्यूएलमध्ये ‘नॉट इन’ वापरून सरळ विचारले, तर उत्तर एकही ओळ येत नाही. या भाषेत सत्य आणि असत्य यांच्या जोडीला ‘अनिश्चित’ असे तिसरे मूल्य आहे. त्या एका रिकाम्या जागेमुळे प्रत्येक कर्मचाऱ्याविषयीचा नकार एकतर असत्य तरी ठरतो, नाहीतर अनिश्चित तरी. आणि अनिश्चित ओळ उत्तरात धरली जात नाही. रोजच्या बोलण्यातील नकार आणि एस्क्यूएलमधील नकार यांत असे अंतर आहे. चूक झाल्याची सूचना यंत्र देत नाही. रिकामे उत्तर हेही त्याच्या दृष्टीने उत्तरच असते. हे ओळखणे ही खरी क्षमता. ती कोणत्याही साधनाच्या खोक्यात भरून मिळत नाही, आणि जादा तास बसल्याने येत नाही.

४

साधनांच्या निवडीविषयीचे वाङ्मय याच कसोटीवर तपासले पाहिजे. संबंधाधिष्ठित डेटाबेस आणि वस्तुनिष्ठ प्रोग्रॅमिंग-भाषा यांच्यामधील दुभाष्यासारखी साधने २००० च्या सुमारास बहुप्रचलित झाली. ‘हायबरनेट’ हे २००१ मधील साधन त्यांतलेच. एस्क्यूएल न लिहिता काम होते, हे त्यांचे आकर्षण. पण हजार मागण्यांची यादी आणून प्रत्येक मागणीच्या ग्राहकाचे नाव वाचावयाचे झाल्यास असे साधन, निष्काळजीपणे वापरले असता, एक प्रश्न यादीसाठी आणि प्रत्येक ग्राहकासाठी एकेक, असे एक हजार एक प्रश्न विचारते. एका नोंदीवरून दुसरीवर जाणारा बॅकमन यांचा नाविकच येथे वेष पालटून परत आलेला आहे. मात्र या खेपेस आपण समुद्रात आहोत याची त्याला जाणीव नाही. विकासकाच्या स्वतःच्या यंत्रावर दहा नोंदी असतात, तेथे दोष दिसत नाही. प्रत्यक्ष वापरात लाखो नोंदी येतात तेव्हा काम अडते, आणि ते सोडविण्यासाठी रात्र जागावी लागते. ही जागरणाची रात्र श्रमनिष्ठेच्या नावे जमा होते. वस्तुतः ती स्थलांतरित ज्ञानाची थकबाकी असते.

गूगलचा ‘बिगटेबल’विषयीचा २००६ चा आणि ॲमेझॉनचा ‘डायनॅमो’विषयीचा २००७ चा निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर जी साधने पुढे आली, त्यांबाबतही हेच म्हणता येते. हे दोन्ही निबंध विशिष्ट संस्थांच्या विशिष्ट अडचणींची उत्तरे आहेत. अनेकांनी उत्तर घेतले. अडचण आपली आहे का, हे पाहिले नाही. अनेक नोंदींत एकाच वेळी करावयाचे बदल पुरते व्हावेत वा मुळीच होऊ नयेत, ही जुन्या डेटाबेसने उचललेली जबाबदारी अशा वेळी विकासकाच्या अंगावर आली. ‘मोंगोडीबी’ने अनेक दस्तऐवजांवरील अशा व्यवहारांची सोय २०१८ साली आणली, ही गोष्ट बोलकी आहे. साधन निवडणे म्हणजे कोणते ज्ञान यंत्राकडे ठेवावयाचे आणि कोणते माणसाकडे, याची वाटणी करणे होय. त्या वाटणीचा विचार न करता केलेली निवड ही आवड असू शकेल, तिला निर्णय म्हणता येणार नाही.

५

क्षमतेच्या मोजमापाचा इतिहास तर याहून उद्बोधक आहे. सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांनी १९६८ साली १२ अनुभवी प्रोग्रॅमरांवर केलेला प्रयोग मुळात साधनांविषयी होता. यंत्राशी थेट संवाद साधत काम करणे बरे, की काम सोपवून निकालाची वाट पाहणे बरे, हे त्यात पाहावयाचे होते. स्मरणात मात्र राहिला तो एकच आकडा : दोष काढण्यास लागलेल्या वेळात दोन टोकांच्या माणसांमध्ये २८ पटींचे अंतर. लुट्झ प्रेशेल्ट यांनी १९९९ साली दाखवून दिल्याप्रमाणे ही तुलनाच सदोष आहे. तिच्यात निराळ्या परिस्थितींत काम केलेली माणसे एकत्र धरली आहेत. साधनांतील फरक माणसांच्या नावे मांडला गेला, आणि असामान्य प्रोग्रॅमरच्या आख्यायिकेला आधार मिळाला.

याच्या उलट टोकाला टॉम डिमार्को आणि टिमथी लिस्टर यांचे ‘पीपलवेअर’ हे १९८७ चे पुस्तक आहे. त्यांनी घेतलेल्या स्पर्धांमध्ये प्रोग्रॅमिंग-भाषेच्या निवडीचा कामगिरीशी फारसा संबंध आढळला नाही; एकाच संस्थेतील दोघांची कामगिरी मात्र सारखी आढळली, आणि कामाच्या जागेतील शांततेशी तिचे नाते दिसले. जादा वेळामागोमाग तितकाच उणा वेळ येतो, हे त्यांचे निरीक्षणही प्रसिद्ध आहे. या पुस्तकाचा सूर माणुसकीचा आहे, आणि त्याचे मोल मोठे आहे. तरी एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. चांगल्या संस्था चांगली माणसे निवडतात आणि त्यांना चांगली जागाही देतात, असे असू शकेल. मग शांतता हे कारण की केवळ सहचर, हे त्या स्पर्धांवरून निश्चित होत नाही. माणसाच्या माथी मारलेले ओझे उतरविताना ते सगळेच्या सगळे जागेवर ठेवणे ही दुसऱ्या बाजूची अतिशयोक्ती ठरेल.

६

उरला जादा वेळ. ‘जादा’ म्हणण्यास आधी माप ठरलेले असावे लागते. मुंबईच्या गिरण्यांत ते माप भोंगा देत असे. त्यानंतरचे काम तो ओव्हरटाइम. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने त्याला दुप्पट दर ठरवून दिला होता. अमेरिकेतील १९३८ च्या श्रमकायद्यानेही जादा कामाला दीडपट दर लावला. परंतु १९९६ साली त्यात अशी तरतूद झाली की, ठराविक स्वरूपाचे काम करणाऱ्या संगणक-व्यावसायिकाला ताशी किमान २७.६३ डॉलर मिळत असतील, तर हा वाढीव दर देणे बंधनकारक नाही. हा आकडा महागाईशी जोडलेला नाही. कायद्याच्या भाषेत येथे कौशल्य हेच माप काढून घेण्याचे कारण झाले आहे. हुद्द्याच्या नावावर नव्हे तर कामाच्या स्वरूपावर सूट अवलंबून ठेवली, हा त्या तरतुदीचा विवेक. परंतु कुशल माणसाला भोंगा नसतो, हे तिचे फलित.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात, रखडलेल्या कामावर माणसे वाढविल्यास ते अधिक रखडते, हे सांगितले. माणूस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही, हा त्याचा गाभा. प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष त्याच दिशेने एक पाऊल पुढे टाकतो : क्षमता, साधन आणि वेळ यांचीही अदलाबदल होत नाही. साधन बदलले की क्षमतेची जागा बदलते. ती जागा कोणी न ओळखल्यास तिची किंमत जादा तासांत चुकवावी लागते. आणि जादा तासांच्या कामावरून पुन्हा माणसाची क्षमता मोजली जाते. या फेऱ्यात सर्वाधिक अन्याय होतो तो, ज्याने आधीच विचार केल्यामुळे रात्र जागण्याची वेळ आली नाही, त्या विकासकावर. त्याचे काम दिसतच नाही. दिसणाऱ्या श्रमाला गुण आणि न दिसणाऱ्या विवेकाला शून्य, ही मूल्यमापनाची रीत विद्यापीठातही अपरिचित नाही. म्हणून तिची चिकित्सा केवळ एका व्यवसायापुरती मानण्याचे कारण नाही.