प्रतिसाद म्हणजे शहाणपण नव्हे: ‘स्मार्ट’ पृष्ठभागांविषयी

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. म्हणाला, "सर, तत्त्वज्ञान सोडून रंगकामावर कधीपासून बोलायला लागलात?" त्याचं अगदीच चुकलं नाही. उष्णता, प्रकाश, ओल, दाब, वीज असं काही बाहेरून आलं की ज्यांचा रंग, पारदर्शकता किंवा आकार बदलतो आणि ते कारण सरलं की बहुतेक वेळा पूर्ववत होतो, अशा पृष्ठभागांविषयी आम्ही बोलणार आहोत. त्यांना हल्ली ‘स्मार्ट’ म्हणतात. वस्तूंवर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो या विशेषणावर, आणि त्या विशेषणाच्या आड जे लपतं त्यावर.

सुरुवात नाकावरच्या चष्म्यापासून करू. उन्हात काळी होणारी काच १९६० च्या दशकात कॉर्निंग कंपनीने काढली. तिच्यात चांदीच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण असत. आता प्लास्टिकच्या भिंगांत रंगद्रव्याचे रेणू असतात. अतिनील किरण पडले की ते आकार बदलतात आणि प्रकाश शोषू लागतात. मग ऊब त्यांना परत मूळ आकारात ढकलते. आता गंमत पाहा. मोटारीची समोरची काच अतिनील किरण बरेचसे अडवते, म्हणून गाडी चालवताना, डोळ्यांवर ऊन येत असताना, हा चष्मा काळा होत नाही. आणि ऊब रेणूंना परत ढकलत असल्यामुळे तो थंडीत जास्त काळा होतो, उन्हाळ्यात कमी. म्हणजे परभणीच्या मे महिन्यात, भर दुपारी, जेव्हा त्याची खरी गरज, तेव्हाच तो हात आखडता घेतो. त्याचं काही बिघडलेलं नसतं. तो कारणाला प्रतिसाद देतो, गरजेला नाही. डोळा नावाची वस्तू जगात आहे हे त्याच्या गावीही नसतं. आमचं सगळं म्हणणं खरं तर एवढ्यात आलं, पण तुम्ही तासभर बसायला आला आहात.

दुसरं उदाहरण आपल्या पायाखालचं. जगात जर्मनी, भारतात परभणी, असं आपण अभिमानाने म्हणतो; मग या बाबतीतही म्हणू या. आपली काळी जमीन हा बाहेरच्या कारणाने गुण बदलणारा पृष्ठभागच आहे, आणि कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा जुना. तिच्यातल्या चिकणमातीचे थर एकावर एक पत्त्यांसारखे रचलेले, एकेक थर साधारण एक नॅनोमीटर जाडीचा. पाणी त्या थरांमध्ये शिरतं, पत्ते दूर सरकतात, माती फुगते. वाळली की आकसते आणि भेगाळते. उन्हाळ्यात वावरातल्या भेगेत हात कोपरापर्यंत घालून पाहिला नाही असा परभणीकर विरळा. (विंचवाची भीती घालूनही आम्ही तो घातलेला आहे.) वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, पावसाने भेग मिटते, तळची माती वर सरकते. जमीन स्वतःला उलटीपालटी करते, म्हणूनच मृदाशास्त्रात या जमिनींना लॅटिनमधल्या ‘उलटणे’ या धातूवरून नाव मिळालं. पहिला पाऊस भेगांतून सरळ खोल उतरतो. भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी आत घ्यायला कुरकुरते आणि वरचं पाणी वाहून जातं. एकच पृष्ठभाग जूनमध्ये चाळणी आणि ऑगस्टमध्ये झाकण. तिने धरून ठेवलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. आपल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ काढली ती याच ओलीच्या हिशेबावर.

हिला कोणी स्मार्ट म्हणत नाही. हिला ‘प्रॉब्लेमॅटिक सॉइल’ म्हणतात. हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तो आमच्याच घराची भिंत तडकली तेव्हा. गावाबाहेर, कालपर्यंत कापूस होता तिथे, प्लॉट पाडले होते. आम्ही घेतला, घर बांधलं, तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. बांधणाऱ्याने शांतपणे सांगितलं, "सर, आमचं काम चोख आहे. जमीन खराब आहे."

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान टवकारतात. काच काळी झाली तर श्रेय काचेला, भिंत तडकली तर दोष जमिनीला. दोन्हीकडे कर्ता कोण? निर्जीव वस्तू. आणि ज्याने ठरवलं, मोजलं किंवा मोजलं नाही, तो माणूस दोन्ही वाक्यांतून गायब.

आपल्या पूर्वजांची भाषा याबाबत अधिक नेमकी होती. शेतजमीन ती काळी, गावठाण ती पांढरी. पिकवायचं काळीत, राहायचं पांढरीत. या दोन शब्दांत जमिनीच्या स्वभावाची जाण आहे आणि माणसाचा निर्णयही आहे. गाव वाढलं, पांढरी पुरेना, हे खरं. काळीवर बांधूच नये असं आम्ही म्हणत नाही. त्यावर उपाय आहेत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने बुडाशी फुगवटा असलेले पायाचे खांब विकसित केले. ऋतूप्रमाणे ओल बदलत नाही अशा खोलीवर ते जमिनीत घट्ट धरून बसतात. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये घालण्याची पद्धत मांडली. बाटलीभर पाण्यात थोडी माती टाकून ती किती फुगते हे मोजण्याची चाचणी तर स्वस्त आहे. आमच्या प्लॉटवर ती कोणी केली नाही. आम्हीही विचारली नाही, हे सांगितलं पाहिजे.

आता शास्त्रार्थ. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात एक वाद आहे. नवजात बाळ हसतं, दचकतं, रडतं. नैयायिक म्हणतो, हे पूर्वानुभवाच्या स्मरणाशिवाय होत नाही, म्हणून आत्मा आहे. प्रतिपक्षी म्हणतो, कमळ नाही का उमलत आणि मिटत? तसाच हा विकार. त्यावर गौतमाचं उत्तर असं की कमळासारख्या भौतिक वस्तूंचे विकार ऊन, थंडी, पाऊस, काळ यांनी होतात. बाळाचं हसणं तसं नाही. पुढे लोखंड आणि चुंबकाचाही दाखला येतो. पुनर्जन्म तुम्ही माना न माना, आम्हीही त्या भागापाशी थबकतो. पण भेद केवढा स्वच्छ आहे! विकार वेगळा आणि हेतू वेगळा. ऊन, थंडी, पाऊस ही गौतमाची यादी आजच्या कुठल्याही ‘स्मार्ट मटेरियल’च्या माहितीपत्रकात तशीच सापडेल.

याला भारतातूनच एक थोर विरोधक मिळाला. जगदीशचंद्र बोस यांनी १९०२ च्या आपल्या पुस्तकात सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादाचे आलेख शेजारीशेजारी ठेवले; धातूही थकतो, उत्तेजित होतो, असं दाखवलं. आम्हाला त्यांचा निष्कर्ष पटत नाही, प्रश्न मात्र पूर्ण पटतो. त्यांनी धातूला चेतनेच्या जवळ नेताना पुराव्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. आजचा विक्रेता तेच एका विशेषणात उरकतो.

एक उदाहरण खिडकीचं. व्हॅनेडियम डायऑक्साइडचा लेप सुमारे ६८ अंशांना उष्णतेचे किरण परतवू लागतो. खिडकीसाठी हा आकडा फार मोठा, म्हणून त्यात टंगस्टन मिसळून तो खाली आणतात. किती खाली? हे काच ठरवत नाही. दिल्लीतल्या किंवा बर्लिनमधल्या इमारतीचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून कोणीतरी ठरवतो. जिथे थंडी कडक, तिथे हिवाळ्यात ऊब आत घेणारी आणि उन्हाळ्यात अडवणारी काच कामाची. आपल्याकडे पत्र्याला पांढरा चुना फासला तर तो काहीच बदलत नाही, आणि तेच बरं.

शेतीतही हे आलं आहे. पाणी शोषून फुगणारी आणि हळूहळू सोडणारी जेलची पूड मिळते. दिल्लीच्या पुसा संस्थेने तसं हायड्रोजेल काढलं आहे. वजनाच्या शेकडो पट पाणी धरतं, हे खरं, पण तो आकडा शुद्ध पाण्यातला. पाण्यात क्षार असले की जेलची फुगण्याची ताकद घटते, आणि आपल्या बोअरचं पाणी कसं आहे हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय मुरमाड, हलक्या रानात तिचा विचार करणं वेगळं आणि मुळातच पाणी धरून फुगणाऱ्या काळीत वेगळं. विकत घेताना ‘ही किती स्मार्ट आहे’ असं विचारू नका. कोणत्या पाण्यात मोजली, कोणत्या मातीत, आणि नाही चालली तर कोणाकडे यायचं, हे विचारा.

आमच्या भिंतीचं म्हणाल तर ती भेग आम्ही बुजवलेली नाही. शेजारी पेन्सिलीने तारखा लिहितो. मे महिन्यात तिच्यात रुपयाचं नाणं उभं जातं, सप्टेंबरात पोस्टकार्डही शिरत नाही. बांधणाऱ्याला मागच्या वर्षी बोलावून त्या तारखा दाखवल्या. त्याने त्या नीट वाचल्या, आणि पुढच्या प्लॉटवर माती तपासून घेतो म्हणाला. घेतली की नाही, ते त्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाला विचारावं लागेल.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ.