उंची किती?

आम्हा चौघांचा एक ग्रुप आहे, कॉलेजपासूनचा. त्यातला अलिखित नियम असा, की सिनेमा सुटला की थिएटरच्या पार्किंगमधूनच मत टाकायचं. एका ओळीत. दोन ओळी झाल्या की कुणीतरी 'निबंध आला' म्हणतो. 'एकदा बघायला ठीक', 'फर्स्ट हाफ भारी', 'झोप आली', असं सगळं चालतं. त्यावर बाकीचे तिकिटाचे पैसे घालवायचे की नाही ते ठरवतात.

मार्च २०२५ मध्ये मी 'स्थळ' पाहिला आणि पार्किंगमधून लिहिलं, "चांगलाय. पण एकच सीन चारपाच वेळा आहे. स्लो." तीन अंगठे आले. विषय संपला.

मत खोटं नव्हतं. एकच सीन खरंच परत परत येतो. पाहुणे येतात, सगळे पुरुष. बसतात. मग सविताला साडी नेसवून, डोक्यावर पदर देऊन, त्यांच्यासमोर बसवतात आणि प्रश्न सुरू होतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय, शेतातलं काम येतं का. ती खाली बघून उत्तरं देते. पाहुणे जातात. मग निरोपाची वाट बघणं, मग नकार, कारण रंग सावळा आणि उंची कमी. काही दिवसांनी दुसरे पाहुणे. पुन्हा तेच सगळं, त्याच क्रमाने.

मी पार्किंगमधून जे तक्रार म्हणून लिहिलं, तोच हा सिनेमा आहे, हे मला घरी जाईपर्यंत कळलं नव्हतं. माझं काम कोड लिहिण्याचं. एकच गोष्ट पाच वेळा लिहिलेली दिसली की आमच्याकडे रिव्ह्यूमध्ये लगेच शेरा येतो, की हे एकदाच लिही आणि पाच ठिकाणी वापर. ती सवय डोक्यात इतकी बसली आहे की पडद्यावर दुसऱ्यांदा पाहुणे आले तेव्हा मला वाटलं, कळलं की, आता पुढे चला. पण सविताला पुढे जायची सोय नाही. तिला प्रत्येक वेळी पहिल्यापासून नाव सांगायचं आहे. मला तिसऱ्या खेपेला कंटाळा आला. त्या कंटाळ्यातला लहानसा वाटा तिच्या जगण्यातून माझ्यापर्यंत पोचलेला होता, आणि मी तो दिग्दर्शकाच्या नावावर मांडून मोकळा झालो.

जयंत दिगंबर सोमलकरांचा हा पहिला मोठा सिनेमा. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला, तिथे 'नेटपॅक' पुरस्कार मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, त्यांच्या स्वतःच्या गावात, तो चित्रित झाला आहे आणि कलाकार तिथलेच, आधी कॅमेऱ्यासमोर फारसे न आलेले. मी वर्धा जिल्ह्यातला आहे, त्यामुळे मला पहिला धक्का बोलीचा बसला. आमच्याकडची बोली मराठी पडद्यावर आली की समजायचं, आता हशा येणार. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे बोलायचे तेव्हा मीही हसलोय, अभिमानाने हसलोय. पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मी 'करून राहिलो' म्हणणं सोडलं, कारण ते ऐकून टीममधले प्रेमानेच हसायचे. 'स्थळ'मध्ये त्या बोलीत एक बाप कापसाच्या भावाची काळजी करतो, एक मुलगी एमपीएससीबद्दल बोलते, आणि थिएटरात कुणी हसत नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. एका ओळीत बसलं नसतं.

कापसाचं मात्र सांगायला हवं. सविताचा बाप कापूस पिकवतो आणि कापसाला भाव नाही. लग्नाला पैसा लागणार, तो कापसातून यायचा. ज्याने कापूस विकला जाताना पाहिलाय त्याला हे दोन धागे वेगळे वाटणार नाहीत. व्यापारी गाडीतला मूठभर कापूस काढतो, बोटांनी ओढून धाग्याची लांबी बघतो, ओल किती आहे ते बघतो. सरकारी खरेदीतही ओलाव्याची मर्यादा असते, १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. लांबी, रंग, ओल. शेतकरी बाजूला उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत असतो. आमच्या घरी कापूस होता तोवर माझे आजोबा असे उभे राहायचे. सविताचा बाप घरात पाहुण्यांच्या तोंडाकडे बघतो तेव्हा मला आजोबा दिसले. सिनेमा ही तुलना तोंडाने बोलून दाखवत नाही, हे फार बरं.

जिथे तो बोलून दाखवतो तिथे मला कमी पटतो. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, ज्यात सगळं उलटं होतं. बायका बसल्यात आणि मुलगा समोर बसून उत्तरं देतोय. थिएटरात भरपूर हशा. पण तो प्रसंग रीलसारखा आहे, ४० सेकंदांत कळतो आणि संपतो. पुढे जे दीड तास हळूहळू अंगात मुरवायचं आहे त्याचा सारांश आधीच हातात ठेवल्यासारखा. तसंच समाजशास्त्राच्या सरांचं. वर्गात स्त्रियांच्या सक्षमीकरणावर शिकवणारे सर आणि त्यांच्याकडे ओढली गेलेली सविता, या धाग्याचं काय होणार हे मला फार लवकर कळलं. माणसाचं बोलणं आणि वागणं यांत अंतर असतं हे दाखवायला नेमके सक्षमीकरण शिकवणारे सरच घ्यायचे, हे जरा सोपं झालं. त्यापेक्षा पाहुण्यांमधले ते काका जास्त भीतीदायक, जे अगदी सभ्यपणे, वाईट काही न बोलता, उंची विचारतात.

याच सुमारास 'मिसेस' आला होता आणि ग्रुपवर त्यावरून बरीच हाणामारी झाली. (एका ओळीचा नियम त्या दिवशी मोडला.) मी त्याआधी मूळ मल्याळम सिनेमा पाहिला होता, जिओ बेबीचा २०२१ चा 'द ग्रेट इंडियन किचन'. त्यातही तेच तेच आहे. चिरणं, वाटणं, तळणं, खरकटं काढणं, गळणाऱ्या सिंकखालचं पाणी उपसणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. सुरुवात मुलगी बघण्याच्या कार्यक्रमानेच होते, तिकडच्या पद्धतीने, आणि पाहुण्यांसाठी तळले जाणारे पदार्थ आपल्याला जवळून दिसतात. तिथून पुढे ती बाई त्या कढईपासून लांब जातच नाही. स्वयंपाकघरात संगीत नाही, नुसते भांड्यांचे आवाज. हिंदी आवृत्ती वाईट नाही, सान्या मल्होत्रा छान आहे. पण तिथे मला सतत वाटत होतं की कुणीतरी शेजारी बसून सांगतंय, बघ, आता वाईट वाटून घे. मल्याळममध्ये कुणी सांगत नाही, म्हणून चौथ्या दिवशीच्या खरकट्याला मला खरोखर वास आला.

मात्र या दोन्ही सिनेमांतल्या नवऱ्यापासून मी आरामात अंतर ठेवून होतो. मी भांडी घासतो. फ्लॅटमध्ये आठवड्यातून तीन दिवस माझी पाळी असते. मी तो नवरा नाही, असं मला मनापासून वाटत होतं. 'स्थळ'मध्ये ही सोय राहिली नाही, कारण त्या खुर्चीत मी बसलेलो आहे.

२०२४ च्या दिवाळीत घरच्यांनी एक स्थळ दाखवलं. मुलगी माझ्यासारखीच इंजिनिअर. तिच्या घरी गेलो, पोहे झाले, मग 'मुलांना बोलू द्या' म्हणून आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. आमच्या पिढीत हे बदललंय, आता बोलू देतात. मला काय बोलायचं ते सुचेना. गप्प राहणं वाईट दिसेल म्हणून मी विचारलं, "तुमची हाइट किती?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बायोडेटात आहे ना."

एवढंच. ती चिडली नव्हती. नंतर बोलणं नोकरी, पुणे, ट्रॅफिक असं कुठे कुठे गेलं. परत येताना गाडीतून मी ग्रुपवर लिहिलं, "ठीक आहे. ॲटिट्यूड वाटला थोडा." तीन अंगठे आले. घरी सांगितलं, पत्रिका बघा हवं तर. पुढे काही झालं नाही.

'स्थळ'मधले काका जेव्हा तिसऱ्यांदा उंची विचारतात, तेव्हा मी खुर्चीत जरा खाली सरकलो होतो. हेही ग्रुपवर लिहिलं नाही. त्याऐवजी 'स्लो' लिहिलं. माझा अंदाज असा आहे, की आपण ज्या सिनेमांना पटकन 'स्लो' म्हणतो त्यातले काही खरंच रटाळ असतात, आणि काहींत आपल्याला नको तिथे जास्त वेळ बसवून ठेवलेलं असतं. दोन्हींसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे.

सप्टेंबरमध्ये रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' आला. त्याच वर्षी जानेवारीत सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं होतं, त्यामुळे ग्रुपवर आधीच 'अवॉर्डवाला, म्हणजे स्लो' असा निकाल लागला होता. एकटाच गेलो. रात्रीच्या शोला माझ्यासकट नऊ जण.

वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांच्या सुतकासाठी. तिथे बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. त्यांच्यातलं प्रेम सिनेमा इतक्या हळू आवाजात दाखवतो की पार्श्वसंगीत नाही हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. पण मी आत्ता त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण मला त्या नातेवाइकांबद्दल बोलायचं आहे. वडिलांची राख अजून गार व्हायचीय आणि प्रत्येक येणारा आनंदला एकच विचारतो, लग्न कधी. वर्षाच्या आत करून टाक, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबावं लागेल. इथेही तेच तेच. इथेही एक माणूस मान खाली घालून, पुन्हा पुन्हा, तीच उत्तरं देतोय.

दोन्ही सिनेमे एकाच वर्षात पाहिले नसते तर कदाचित लक्षात आलं नसतं. आनंदला सगळे 'कधी' विचारतात. सविताला 'किती' विचारतात. आनंदला सावळा की गोरा, उंची काय, काम येतं का, असं कुणी विचारत नाही. तो कॉल सेंटरमध्ये आहे, गावाच्या हिशेबाने हातचा मुलगा आहे, त्याने फक्त हो म्हणायचंय. आणि ते एक 'हो' त्याला शक्य नाही. त्याची आई हे जाणते. तिने नातेवाइकांना सांगून ठेवलंय की एका मुलीने याला फसवलं, म्हणून हा लग्नाला तयार होत नाही. जी मुलगी कधी नव्हतीच तिच्यावर ती सगळा दोष टाकते आणि मुलाभोवती भिंत बांधते. जयश्री जगतापांनी ही आई अशी उभी केलीय की ती खोटं बोलतेय हे आपण विसरतो आणि ते खोटं टिकावं म्हणून आपणच श्वास धरून बसतो. पण बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात ती नसलेली मुलगी राहिली. मुलाला वाचवायला लागलं तरी शेवटी एक वाईट मुलगीच लागते, आणि ती आहे यावर सगळं गाव एका झटक्यात विश्वास ठेवतं. हे सिनेमाने मुद्दाम दाखवलंय की सहज आलंय, मला ठरवता आलेलं नाही. पार्किंगमध्ये मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला.

आईचं सांगायचं राहिलंच. 'स्थळ' लागला तेव्हा ती पुण्यात आली होती. माझा बघून झाला होता, पण चार दिवसांनी तिला घेऊन पुन्हा गेलो. थिएटरात मराठी सिनेमाला ती माझ्या आठवणीत तिसऱ्यांदा येत होती. पहिल्या दहा मिनिटांत ती माझ्या कानाशी आली. "हे तं आपल्याकडचंच बोलून राहिले." मग इंटरव्हलपर्यंत गप्प. तिला कंटाळा आला असेल असं वाटून मी विचारलं, स्लो वाटतोय का? ती म्हणाली, "काहून? एवढाच वेळ लागते."

सुटल्यावर रिक्षात तिने सांगितलं, की तिला बघायला आलेल्यांनी सुईत दोरा ओवायला लावला होता. डोळे बघायचे म्हणून. हात इतका थरथरत होता की दोनदा दोरा चुकला. ते पाहुणे माझ्या वडिलांकडचे नव्हते, ते दुसरेच, त्यांनी नकार कळवला. वडिलांकडच्यांनी काय विचारलं होतं, असं मी विचारलं. तिने आठवून बघितलं. चालून दाखव म्हणाले होते, दारापासून खिडकीपर्यंत. हे सगळं ती हसत हसत सांगत होती. मी २८ वर्षांचा आहे आणि यातलं काही मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

सोसायटीच्या गेटपाशी रिक्षा थांबली. पैसे देऊन वळलो तर ती म्हणाली, "अन् त्या दिवाळीतल्या पोरीले तू काय इचारलं होतं रे आत?"

मी म्हणालो, आता आठवत नाही, आणि लिफ्टचं बटण दाबलं.