जकात, खैरात आणि हक्क

मराठीत ‘जकात’ म्हटले की डोळ्यांसमोर नाका येतो. आडवा बांबू, ट्रकांची रांग, पावती फाडणारा कारकून. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशातही या शब्दाचा अर्थ मालाच्या ने-आणीवरचा कर असाच आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि मुंबईतली जकातही बंद झाली. तरी अनेक गावांत ‘जकात नाका’ हे थांब्याचे नाव शिल्लक आहे. हाच शब्द नांदेडच्या देगलूर नाक्यावर किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एखाद्या मुस्लिम घरात उच्चारला, तर मात्र तो नमाज, रोजा आणि हज यांच्या रांगेत जाऊन बसतो. तिथे जकात ‘भरत’ नाहीत, ‘काढतात’. आपल्या मालातून दुसऱ्याचा वाटा वेगळा काढावा, तशी.

एकाच शब्दाच्या या दोन अर्थांतले अंतर मला तपासायचे आहे. हे अंतर कोशापुरते असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण शब्दाचा अर्थ घसरला की व्यवहारही त्याच्या मागे घसरतो, आणि तो केवळ मुस्लिमेतरांच्या समजुतीत घसरतो असे नाही. गेली काही वर्षे नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत जकातीचा व्यवहार पाहताना, मौलवी आणि मशीद कमिट्यांशी बोलताना, आमच्या समाजातही तो घसरला आहे असे माझे मत बनले.

शब्दांचा प्रवास

अरबीत जकात या शब्दाच्या धातूत वाढणे आणि शुद्ध होणे हे दोन्ही अर्थ आहेत. तो नाक्यावर कसा पोहोचला, याचा माग लागतो. दुसरे खलिफा उमर यांच्या काळात व्यापारी मार्गांवर वसुली अधिकारी नेमले गेले. मुस्लिम व्यापाऱ्याकडून अडीच टक्के, राज्यातल्या मुस्लिमेतर व्यापाऱ्याकडून पाच आणि परक्या राज्यातल्याकडून दहा टक्के असे दर होते. मुस्लिमाचे अडीच टक्के म्हणजे त्याची जकातच. हिंदुस्थानात औरंगजेबाने १६६५मध्ये मुस्लिमांवर अडीच आणि हिंदूंवर पाच टक्के असा सायरचा दर ठरवला, आणि १६६७मध्ये मुस्लिमांना त्यातून सूट दिली. धर्मकर्तव्याचा दर अशा रीतीने राज्याच्या वसुलीचा दर झाला. ज्या रयतेने हा शब्द नाक्यावरच ऐकला, तिच्या भाषेत तो नाक्यावरच राहिला. यात मराठीचा दोष नाही. राज्यकर्त्यांनी दाखवला तो अर्थ मराठीने टिपला.

‘खैरात’चे झाले ते वेगळे. खैर म्हणजे भलाई आणि खैरात तिचे अनेकवचन. आज वर्तमानपत्रात ‘सवलतींची खैरात’ असा मथळा येतो, तेव्हा लायकी न पाहता उधळलेला पैसा असा अर्थ अभिप्रेत असतो. ‘फकीर’ हा कुराणात गरजू माणसासाठी आलेला शब्द. मराठीत तो झोळीवाला किंवा बेफिकीर माणूस झाला. देण्याशी जोडलेल्या तीन शब्दांपैकी एकात वसुली आली, दुसऱ्यात उधळपट्टी आणि तिसऱ्यात भीक.

कर की दान?

मराठीत इस्लामची ओळख करून देणारे लेखन मी मिळेल तसे वाचत आलो. त्यात जकातीचा अर्थ सामान्यतः दोन प्रकारे सांगितलेला आढळतो : ‘धार्मिक कर’ किंवा ‘सक्तीचे दान’. दोन्ही सोयीचे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. कर राज्याला जातो आणि राज्य तो कुठेही खर्च करू शकते. जकातीच्या खर्चाच्या बाबी कुराणाच्या नवव्या सूरेत मोजून आठ दिल्या आहेत, त्यांबाहेर ती जाऊ शकत नाही. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि पुण्य त्याच्या खात्यावर जमा होते. जकातीत दर ठरलेला, मुदत ठरलेली, घेणारा ठरलेला; मर्जीला जागा फार थोडी.

कुराणात या वाट्यासाठी जो शब्द येतो तो ‘हक’ आहे. श्रीमंताच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक आहे, असा आशय दोन ठिकाणी येतो. म्हणजे तो वाटा देणाऱ्याचा नव्हताच, त्याच्याकडे फक्त ठेवलेला होता. हाच शब्द मराठीत ‘हक्क’ होऊन आला आणि जकात-खैरातीप्रमाणे बिघडला नाही. वतनाचा हक्क, वारसाहक्क, हक्काचे घर, हक्काचा माणूस. मग जकात समजावताना आम्ही ‘कर’ आणि ‘दान’ यांच्यामध्ये का अडखळतो? ‘गरिबाचा हक्क’ हे दोन शब्द मराठीत कधीचे तयार आहेत.

‘दान’ हा शब्द सरसकट टाकून द्यावा असेही मी म्हणणार नाही. विनोबांनी १९५१मध्ये तेव्हाच्या हैदराबाद राज्यातल्या, म्हणजे नांदेड-लातूर ज्या राज्यात होते त्याच राज्यातल्या, पोचमपल्लीत भूदान सुरू केले. तुम्हाला पाच मुले असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशी त्यांची मागणी असे. दान म्हणजे वाटणी, हा शंकराचार्यांचा अर्थ ते आधाराला घेत. कुराणातील निवडक वचनांचा संग्रह करणाऱ्या विनोबांना वाटा आणि भीक यांतला फरक सांगावा लागत नव्हता. नांदेडच्या हजूर साहिबच्या लंगरमागेही दसवंधाची, म्हणजे कमाईतल्या दहाव्या हिश्शाची, शिकवण आहे. पंगतीत बसणाऱ्याला तिथे याचक मानत नाहीत.

मापाचा प्रश्न

आता हा हक्काचा निकष आमच्या आजच्या व्यवहाराला लावून पाहू. जकात कोणावर लागू होते, हे निसाबावरून ठरते. साडेसात तोळे सोने (८७.४८ ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (६१२.३६ ग्रॅम). मूळ काळात ही दोन मापे किमतीने जवळजवळ समान होती. आज त्यांत कित्येक पटींचा फरक आहे. सोने आणि रोख दोन्ही असतील तर हनफी पंथात, जो मराठवाड्यातल्या बहुसंख्य मुस्लिमांचा आहे, दोन्हींची बेरीज करून ती चांदीच्या मापाने मोजतात. हेतू चांगला आहे : माप लहान म्हणजे देणारे जास्त.

पण हेच माप घेणाऱ्यालाही लावले जाते. गरजेपलीकडे निसाबाइतका माल ज्याच्याकडे आहे, त्याला जकात घेता येत नाही. एखाद्या विधवेकडे लग्नातले दोन तोळे सोने आहे आणि डब्यात थोडी रोख. आजच्या भावाने ती ‘साहिबे निसाब’ ठरते. तिने द्यायचे, घ्यायचे नाही. तिचे दोन तोळे हा तिच्या मुलीच्या लग्नाचा किंवा दवाखान्याचा एकमेव आधार असतो, हे माप पाहत नाही. गरिबाच्या भल्यासाठी निवडलेले माप गरिबालाच रांगेबाहेर काढते, तेव्हा उलेमांनी त्यावर पुन्हा बोलले पाहिजे. काही विद्वान सोन्याचे माप धरावे म्हणतात, हेही लोकांपर्यंत पोहोचत नाही.

हनफी फिकहमध्ये दुसरी एक अट आहे, ‘तमलीक’. जकात गरिबाच्या मालकीची करून दिली पाहिजे. मला ही अट सगळ्या विषयाचा गाभा वाटते, कारण हक्क म्हणजे मालकीच. प्रत्यक्षात काय होते? रमजानमध्ये दूरदूरच्या मदरशांचे सफीर पावतीपुस्तके घेऊन येतात. मदरशांत शिकणारी मुले गरीब असतात आणि त्यांच्या जेवणखाणावर जकात खर्च होणे योग्यच आहे. पण इमारतीसाठी किंवा पगारासाठी पैसा हवा असेल, तर रक्कम आधी एका गरीब विद्यार्थ्याच्या हाती द्यायची आणि त्याने ती मदरशाला परत ‘भेट’ द्यायची, अशी पळवाट काही ठिकाणी वापरतात. तिला हीला म्हणतात. अनेक मुफ्तींनीच तिच्यावर टीका केली आहे. दुसऱ्या टोकाला रेशनच्या पिशव्या आणि साड्या वाटतानाचे फोटो. पिशवीत काय असावे हे देणारा ठरवतो आणि घेणाऱ्याचा चेहरा फोटोत येतो. ज्याचा हक्क आहे, त्याला आपण वाटपाच्या रांगेत उभे करतो.

खळ्यावरचा दहावा हिस्सा

मराठवाडा शेतीचा प्रदेश असूनही ‘उशर’ हा शब्द येथे क्वचित ऐकू येतो. उशर म्हणजे पिकावरची जकात. पावसावरच्या पिकातून दहावा हिस्सा, पाणी ओढून दिलेल्या पिकातून विसावा. वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. कापणीच्या दिवशीच त्याचा हक द्या, असा आदेश आहे. वीस क्विंटल कोरडवाहू सोयाबीन झाले तर दोन क्विंटल, बागायती असेल तर एक. भारतातली जमीन उशरी मानायची की खराजी, या जुन्या वादात हा विषय बाजूला पडला. खुद्द अबू हनीफांच्या मते उशर सगळ्या उत्पन्नावर आहे, खर्च वजा न करता. बियाणे, खत, फवारणी आणि मजुरीने वाकलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे झेपणारे नाही. पण पाण्याच्या कष्टासाठी दर निम्मा करणारा कायदा खर्चाला आंधळा नव्हता. पिकासाठी काढलेले कर्ज आधी वजा करावे, असे मत इब्न अब्बास आणि इब्न उमर या सहाबींचेही नोंदलेले आहे.

खळ्यावरून वाटा देण्याची रीत येथल्या गावाला नवी नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त वर्णन केलेल्या बलुत्यात मुलाणाही येतो. मात्र बलुते हा जातीशी बांधलेल्या कामाचा मोबदला होता. जकात मजुरी म्हणून देताच येत नाही, हा फरक विसरून चालणार नाही. गरज हीच तिची एकमेव पात्रता.

आणि या प्रदेशात गरजेचे सर्वांत ठळक रूप म्हणजे कर्ज. आठ बाबींपैकी एक ‘गारिमीन’, कर्जात बुडालेले, अशी आहे. ज्या मराठवाड्यात कर्जामुळे शेतकरी जीव देतात, तिथे ही बाब सर्वांत आधी आठवायला हवी होती. आमच्या वाटपात ती जवळपास दिसत नाही. सावकाराचे किंवा दवाखान्याचे देणे फेडून एक घर मोकळे करण्यापेक्षा शंभर पिशव्या वाटणे सोपे आणि दिसायला मोठे असते.

कोणाचा हक्क?

मुस्लिमेतर गरजूला जकात देता येते का? हनफी मत नाही असे आहे. सदका मात्र कोणालाही देता येतो. तरी अबू यूसुफ यांनी ‘किताबुल खराज’मध्ये नोंदवले आहे की उमर यांनी भीक मागणाऱ्या एका वृद्ध यहुद्याला सरकारी खजिन्यातून नेमणूक करून दिली आणि हा ‘मिस्कीन’ आहे असे म्हटले. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाने आणि एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरने शेजाऱ्याची गरज काय असते हे पाहिले आहे. पाणी देणे हा श्रेष्ठ सदका मानला जातो. किमान सदक्याचा हा खुला दरवाजा आपण पुरेसा वापरतो का, एवढे तरी विचारता येईल.

सगळा कारभार सरकारकडे सोपवावा, हा उपाय मला पटत नाही. पाकिस्तानात १९८०मध्ये बँकखात्यांतून अडीच टक्के थेट कापणे सुरू झाले. शिया समाजाने विरोध करून सूट मिळवली, आणि इतर अनेक जण रमजान लागण्याआधी खात्यातले पैसे काढून ठेवू लागले. वसुली आली की जकात पुन्हा नाक्यावर जाते आणि लोक नाका चुकवतात.

येथे करता येण्यासारखे काम लहान आहे. मोहल्ल्याच्या मशीद कमिटीने ईदनंतर एक कागद लावावा : किती जमा झाले, आठ बाबींपैकी कोणत्या बाबीला किती गेले, किती कर्जे फिटली. घेणाऱ्यांची नावे त्यावर नसावीत. पावतीपुस्तक देणाऱ्याला हिशेब देते. हा कागद घेणाऱ्यालाही देईल. हक्क असलेल्या माणसाला हिशेब विचारता येतो, खैरात घेणाऱ्याला तो विचारता येत नाही. आपण यातले कोणते मानतो, ते त्या कागदावरून कळेल.