राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेलं घर

मागच्या वेळी ठरलं होतं की वास्तूवर बोलायचं तर आधी एखादी वास्तू पाहून यावी. म्हणून परवा फणसवाडीतून निघालो, चर्नी रोडला गाडी धरली आणि दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत ‘राजगृहा’समोर जाऊन उभा राहिलो. बरोबर आर्किटेक्चर शिकणारा माझा नातू होता. तो दर्शनी भागाचे फोटो काढू लागला. मी म्हटलं, आधी आत कोण कुठे राहत होतं ते बघ.

बाबासाहेबांनी हे घर १९३१ ते १९३३च्या सुमारास बांधून घेतलं. खाली कुटुंबाच्या खोल्या, वर ग्रंथालय आणि कचेरी. आपल्याकडे वाड्यात देवघर असतं, दिवाणखाना असतो. पुस्तकांना भिंतीतलं कपाट मिळालं तरी खूप. इथे मुळात पुस्तकांसाठी घर बांधलं. ही मांडणी मला या वास्तूतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. खांब नि सज्जे यांचं नंतर बघू.

त्याआधी परळच्या बीआयटी चाळीत त्यांचा संसार दोन खोल्यांत होता. मी स्वतः चाळीत वाढलो. प्रबंधाची पानं रात्री जिन्यातल्या दिव्याखाली लिहिली, कारण आत माणसं झोपलेली असायची. वाचणाऱ्याला जागा लागते, हे ज्याला चाळ ठाऊक आहे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आणि गंमत बघा, चाळ बांधणारा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि दादर-माटुंग्याची आखणी करणारा ट्रस्ट एकच!

नावही बघा. राजगृह ही मगधाची जुनी राजधानी. बौद्धांची पहिली संगीती तिथे भरली. येवल्याची घोषणा १९३५ची, घर त्याच्या आधीचं.

आता माझी तक्रार. तळमजल्यावर स्मारक आहे. छायाचित्रं, वापरातल्या वस्तू. लोक हात जोडतात, मीही जोडले. १९३५ साली रमाबाई याच घरात गेल्या, ते आठवून थोडा वेळ काही बोलवेना. पण ज्या ग्रंथांसाठी हे घर उभं राहिलं, त्यातले बरेचसे आज फोर्टात सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत. वास्तूचं कारण एकीकडे, वास्तू दुसरीकडे. निदान वरच्या मजल्याचा एखादा नकाशा खाली लावायला हवा, कपाटं कुठे होती, टेबल कुठे होतं, हे सांगणारा. नाहीतर भेट देणाऱ्याला माणूस दिसतो, त्याचं वाचन दिसत नाही.

परतताना नातवानं विचारलं, “आजोबा, तुमची पुस्तकं कुठे ठेवायची?” अजून पलंगाखालीच आहेत.