अश्वशक्तीचा आकडा आणि वळणाचा हिशेब

वर्गात मोटारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सर, किती हॉर्सपॉवरची?” आकडा सांगितला की प्रश्नकर्त्याचे समाधान होते. ब्रेक कोणते, टायर केवढे, वजन किती, असे पुढचे प्रश्न सहसा येत नाहीत. या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपली पाठ्यपुस्तकेही तेच करतात. ‘कार्य, ऊर्जा आणि शक्ती’ या प्रकरणात एक मोटार येते, तिला शक्ती असते पण वळण नसते. ‘वर्तुळाकार गती’च्या प्रकरणात दुसरी मोटार येते, तिला वळण असते पण इंजिन नसते. या दोन मोटारींची गाठ काही पडत नाही. हाच मुलगा चार वर्षांनी जुनी गाडी घेतो, गॅरेजमध्ये जाऊन इंजिनाची शक्ती वाढवून घेतो आणि ब्रेक मात्र होते तेच ठेवतो. तेव्हा ही दोन प्रकरणे एकत्र येतात. पण ती रस्त्यावर येतात, आणि तिथे चुकलेले उत्तर खोडता येत नाही.

पुस्तकाची, नाटकाची समीक्षा होते. यंत्राचीही व्हावी असे आम्हांला वाटते, कारण तेही कुणीतरी विचारपूर्वक केलेले काम असते आणि त्यात गुणदोष असतात. म्हणून शक्ती आणि वळण यांचा मेळ घालण्याचा एक गाजलेला प्रयत्न येथे तपासायला घेतला आहे. तो म्हणजे ब्रिटनमधली मिनी कूपर ही मोटार.

मूळ मिनी १९५९ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आली. अलेक इसिगोनिस यांनी ती सामान्य कुटुंबासाठी आखली होती. लांबी जेमतेम ३.०५ मीटर, वजन सुमारे ६०० किलो, इंजिन ८४८ घनसेंटिमीटरचे आणि शक्ती ३४ अश्वशक्ती. इंजिन आडवे बसवलेले, गिअरबॉक्स त्याच्या खाली, चाके अवघ्या १० इंचांची आणि गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांत. स्प्रिंगांच्या जागी अलेक्स मोल्टन यांनी रबराचे शंकू वापरले होते. रबरावर भार वाढत जाईल तसे ते अधिक ताठ होते. इतक्या हलक्या गाडीत चार माणसे बसली की एकूण वजनात मोठाच फरक पडतो, त्यामुळे हा गुण फार उपयोगी होता. हे सगळे जागा वाचवण्यासाठी केले होते. पण बुटकी बांधणी आणि कोपऱ्यांतली चाके यांमुळे गाडी वळणावर विलक्षण चांगली चालू लागली.

हे जॉन कूपर यांच्या नजरेने टिपले. त्यांच्या शर्यतीच्या मोटारींनी १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षे फॉर्म्युला वनची अजिंक्यपदे मिळवली होती. इसिगोनिस यांना आपल्या लोकांच्या मोटारीची वेगवान आवृत्ती काढण्याची फारशी हौस नव्हती. पण कूपर यांनी कंपनीच्या वरिष्ठांना पटवले आणि १९६१ मध्ये मिनी कूपर निघाली. इंजिन ९९७ घनसेंटिमीटरचे झाले, कार्ब्युरेटर एकाऐवजी दोन आले, शक्ती ५५ अश्वशक्ती झाली आणि पुढच्या चाकांना ड्रमऐवजी ७ इंची डिस्क ब्रेक आले.

प्रथम या वाढलेल्या शक्तीने काय मिळाले ते पाहू. ३४ वरून ५५ म्हणजे १.६२ पट. मग वेगही १.६२ पट वाढला का? नाही. मूळ मिनीचा कमाल वेग ताशी सुमारे ११६ किलोमीटर होता, कूपरचा सुमारे १३७. म्हणजे वाढ फक्त १.१८ पट. याचे कारण वर्गात सहज सांगता येते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून मोठ्या वेगाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १.६२ चे घनमूळ १.१७ येते. ११६ ला १.१७ ने गुणले तर १३६! टायरांचा रोध आणि गिअरचे प्रमाण आपण सोडून दिले, तरी उत्तर इतके जवळ येते.

आता दुसरी बाजू. चालकासह वजन ७०० किलो धरू. ताशी ११६ किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ३६३ किलोज्यूल होते, १३७ ला सुमारे ५०७. वेग १८ टक्के वाढला, पण थांबताना ब्रेकनी उष्णतेत रूपांतरित करायची ऊर्जा जवळजवळ ४० टक्के वाढली. ड्रम तापला की प्रसरण पावून आतल्या पट्ट्यांपासून दूर सरकतो, पट्ट्यांचे घर्षणही कमी होते आणि ब्रेक दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. डिस्क उघड्या हवेत असते, लवकर निवते. म्हणून शक्ती वाढवताना त्याच वेळी डिस्क ब्रेक बसवण्याचा निर्णय योग्यच होता.

पण येथे समीक्षकाने थोडे कठोर व्हायला हवे. निर्णय बरोबर असला तरी माप अपुरे पडले. ७ इंचांच्या त्या पातळ डिस्क लवकर तापत, आणि पहिल्या कूपरच्या ब्रेकबद्दल नाराजी होती. मोठी डिस्क का बसवली नाही? कारण ती १० इंचांच्या चाकात मावत नव्हती. ज्या छोट्या चाकाने गाडीला एवढी जागा मिळवून दिली, त्याच चाकाने तिच्या ब्रेकला मर्यादा घातली. १९६३ च्या कूपर एस या आवृत्तीत शक्ती ७० अश्वशक्ती झाली, तेव्हा डिस्क ७.५ इंचांच्या आणि अधिक जाड केल्या, जोडीला ब्रेकचा जोर वाढवणारे सर्व्हो आले. पण पुढे चाके १२ इंचांची झाली तेव्हाच डिस्क ८.४ इंचांच्या होऊ शकल्या. यंत्रातला एक भाग बदलायला घेतला की दूरचा दुसराच भाग वाट अडवतो. हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

आता वळणाकडे येऊ. पाठ्यपुस्तकातले सूत्र आपल्या परिचयाचे आहे: सपाट रस्त्यावर सुरक्षित वेगाचा वर्ग म्हणजे घर्षण गुणांक, त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. त्रिज्या ५० मीटर आणि घर्षण गुणांक ०.८ घेतला तर वेग सेकंदाला १९.८ मीटर, म्हणजे ताशी ७१ किलोमीटर येतो. या सूत्रात इंजिन कुठेच नाही! ३४ अश्वशक्ती असो की ५००, त्या वळणावर मर्यादा ७१ चीच. टायर सुधारून गुणांक ०.९ केला तर मात्र ती ७५ च्या वर जाते. शक्तिमान गाडी सरळ रस्त्यावर वेग कमावते आणि वळणाच्या तोंडाशी अधिक वेगाने येऊन पोचते. तिथे तो वेग ब्रेकने गमवावाच लागतो.

सूत्राचा हा भाग उत्तम आहे. आमची तक्रार त्याने जे गाळले त्याबद्दल आहे. पहिली गोष्ट अशी की टायरचे घर्षण एकच असते आणि ते गाडी ओढणे, थांबवणे व वळवणे यांत वाटून घ्यावे लागते. ही वाटणी साध्या बेरजेने होत नाही, ती पायथागोरसच्या नियमाने होते. घर्षणाचा ०.६ भाग ओढण्यात खर्च झाला तर वळण्यासाठी ०.८ भाग उरतो. ओढण्यात ०.८ गेला तर वळायला ०.६ च उरतो. मिनीत पुढचीच चाके गाडी ओढतात आणि वळवतातही. वळणात इंजिनाचा जोर वाढवला की पुढच्या टायरांचे वळवण्याचे बळ घटते आणि गाडीचे नाक वळणाबाहेर जाऊ लागते. चालक घाबरून पाय उचलतो, आणि ओढण्यात गुंतलेले घर्षण वळण्यासाठी मोकळे होते. म्हणजे भीतीची स्वाभाविक कृती येथे बहुधा उपयोगी ठरते. मागची चाके आधी घसरली तर असे होत नाही. तेव्हा स्टिअरिंग उलट फिरवावे लागते, आणि त्याला सराव लागतो.

दुसरी गोष्ट. सूत्रातली मोटार म्हणजे एक बिंदू असतो. खऱ्या मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून वर असतो, त्यामुळे वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर, डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.२ मीटर आणि अभिकेंद्री त्वरण ०.७ जी धरले, तर ७०० किलोच्या गाडीत सुमारे २००० न्यूटन भार बाजू बदलतो. बाहेरच्या दोन चाकांवर ५४३० आणि आतल्या दोन चाकांवर १४३० न्यूटन उरतो. घर्षण गुणांक भारावर अवलंबून नसतो असे आपण शिकवतो. रबराच्या टायरला ते नीट लागू होत नाही. भार दुप्पट झाला तरी पकड दुपटीहून कमीच वाढते. म्हणून बाहेरचा टायर जेवढे कमावतो त्याहून आतला अधिक गमावतो.

येथे गॅरेजमधला एक मोठा गैरसमजही तपासता येतो. स्प्रिंगा ताठ केल्या की वजन एका बाजूला जात नाही, असे अनेकांना वाटते. वरच्या हिशेबात स्प्रिंग कुठे आहे? गुरुत्वमध्याची उंची, चाकांतले अंतर, वजन आणि त्वरण एवढीच पदे आहेत. ताठ स्प्रिंगेने गाडीचे कलणे कमी होते, आणि एकूण सरकलेल्या भारापैकी पुढे किती व मागे किती हे ठरते. फक्त मागची बाजू ताठ केली तर मागच्या टायरांवरचा फरक वाढतो आणि गाडीची शेपटी सुटण्याकडे कल होतो. शिवाय खडबडीत रस्त्यावर अति ताठ गाडीचे चाक उडते, आणि उडालेल्या चाकाला घर्षणच नसते.

हा समतोल किती नाजूक असू शकतो याचे उदाहरण अमेरिकेत मिळते. शेव्हरोले कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली मोटार १९६० च्या वर्षासाठी बाजारात आली. तिची शेपटी आवरण्यासाठी पुढच्या टायरांत १५ आणि मागच्या टायरांत २६ पौंड हवा ठेवण्याची सूचना होती. पुढे हवा कमी असली की पुढचे टायर आधी सरकतात आणि मागचे टिकून राहतात. पण चारही टायरांत सारखी हवा भरणे ही किती साधी चूक आहे! राल्फ नाडर यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात या गाडीवर जोरदार टीका केली. कंपनीने १९६४ च्या आवृत्तीत मागच्या बाजूला आडवी पट्टी-स्प्रिंग आणि पुढे कलणे रोखणारा दांडा घातला, १९६५ मध्ये मागची रचनाच बदलली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासाने ही गाडी समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती असे म्हटले. आमच्या मते त्यामुळे मूळ आक्षेप पुरता संपत नाही. सुरक्षिततेचा मेळ हवा भरणाऱ्याच्या हाती सोपवणे हा रचनेतला दोषच होय.

मिनी कूपरच्या कीर्तीतही थोडी काटछाट करायला हवी. १९६४ ची माँटे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्क यांनी कूपर एसमधून जिंकली. आल्प्सच्या बर्फाळ घाटांत छोट्या गाडीने मोठ्या गाड्यांना हरवले, अशी गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे, पण अपुरी. त्या वेळच्या नियमांत लहान इंजिनाला गुणांची सवलत होती. अमेरिकी बनावटीची, सुमारे चौपट मोठ्या इंजिनाची फोर्ड फाल्कन घड्याळावर अनेकदा पुढेच होती. शक्तीला काही किंमत नाही असा निष्कर्ष काढू नये. अर्थ एवढाच की सगळी शक्ती वापरता येईल अशी गाडी असली, तर थोड्या शक्तीतही ती मोठ्या गाडीच्या जवळ पोचते.

कूपर यांचे खरे श्रेय आम्हांला येथे दिसते. त्यांनी वळण्याच्या क्षमतेची शिल्लक असलेली गाडी शोधली, आणि त्या शिल्लकेपुरतीच शक्ती घातली. ब्रेकची शिल्लक मात्र त्यांनी थोडी जास्त धरली, ती चूक दोन वर्षांनी सुधारली गेली. कोणत्याही गाडीत हाच क्रम असावा: आधी टायर आणि ब्रेक यांची शिल्लक पाहावी, मग सस्पेन्शनची, आणि इंजिनाला हात सर्वांत शेवटी लावावा. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल करण्यास बंदी घालते. मुलांना हे कलम सांगावेच, पण त्यामागचे भौतिकशास्त्रही सांगावे. नुसत्या मनाईपेक्षा ते अधिक काळ लक्षात राहते.

त्यासाठी लाकडाचा ठोकळा आणि दोन स्प्रिंगकाटे पुरेत. ठोकळा टेबलावर ठेवून एका काट्याने हळूहळू ओढा आणि तो केव्हा सरकतो ते नोंदवा. समजा १० न्यूटनला सरकला. आता पहिला काटा ६ न्यूटनवर स्थिर धरा आणि दुसऱ्याने काटकोनात ओढा. काटा कितीवर असताना ठोकळा सुटेल, हे मुलांनी आधी वहीत लिहावे. बहुतेक जण ४ लिहितील. काटा ८ च्या आसपास दाखवील. मग पहिला काटा ९ वर न्या, आणि दुसऱ्यासाठी किती उरते ते त्यांनाच मोजू द्या.